विंगेतली बॅटरी

मामांनी वाचायचा चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि डाव्या विंगेकडे बघत ते थांबले.

विंग म्हणजे तिथे पत्र्याचं एक कपाट होतं. तालीम चालायची ती इचलकरंजीत सुताला खळ लावणाऱ्या एका सायझिंग कारखान्याच्या वरच्या हॉलमध्ये, आणि हॉलला विंगा नसतात. कपाटाआडून शालनमामीचा कुजबुजता आवाज आला, "गाडी थांबो न थांबो, झेंडा दाखवायचा असतो."

मामांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि सावकाश म्हणाले, "गाडी थांबो न थांबो, झेंडा दाखवायचा असतो."

"पॉज बघितलास, उज्जू?" लाटकर सर माझ्याकडे वाकून म्हणाले. "असा पॉज घेणारा नट अख्ख्या जिल्ह्यात नाही."

मी तिसऱ्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर लॅपटॉप घेऊन बसले होते. पॉज मी बघितला होता, आणि मामीलाही ऐकलं होतं, अगदी कानाशी बोलावं तसं. आजूबाजूला मंडळातले सात-आठ जण बसले होते आणि सगळे मामांच्या पॉजवर माना डोलावत होते. मामीचं वाक्य त्यांच्यापैकी कोणाच्याच कानावर गेलेलं दिसत नव्हतं.

माझे मामा रंगनाथ म्हेत्रे. दिवसा स्वतःचे यंत्रमाग चालवायचे आणि संध्याकाळी श्रमिक कलामंचाच्या नाटकात मुख्य भूमिका करायचे. यंदा ते निवृत्त स्टेशनमास्तर होते. मामी त्यांची प्रॉम्प्टर. लग्न झाल्यापासून मामांचं एकही नाटक तिने विंगेबाहेरून बघितलेलं नव्हतं. लहानपणी सुट्टीत मी आजोळी यायचे तेव्हा मला वाटायचं, नाटक असंच असतं, आधी मामी सांगते आणि मग मामा म्हणतात. पुण्यात पहिल्यांदा नाटक बघितलं तेव्हा त्यात एकच आवाज आला, आणि मला ते काहीतरी अर्धवट वाटलं.

आता या दोन आवाजांवरूनच घोटाळा झाला होता. लागोपाठ दोन वर्षं स्पर्धेच्या परीक्षकांनी शेरा दिला होता की प्रॉम्प्टिंग सतत ऐकू येतं. दोन्ही वर्षी नाटकाचा पहिला नंबर त्यापायी हुकला. मंडळातल्या लोकांनी हे मनावर घेतलं नाही असं नाही. पहिल्या शेऱ्यानंतर त्यांनी परीक्षक बसतात त्या तिसऱ्या रांगेत माणसं बसवून मामीला प्रॉम्प्टिंग करायला लावलं. एकालाही ऐकू आलं नाही. म्हणजे परीक्षक पक्षपाती, हे सिद्ध झालं. दुसऱ्या वर्षीही तीच परीक्षा, तोच निकाल. तरीही काही जण कुजबुजायला लागले होते की परीक्षकांशी भांडण्यापेक्षा प्रॉम्प्टर बदललेला सोपा. यंदा पुन्हा शेरा आला तर मामीला विंगेतून काढायचं, इथवर गोष्ट आली होती. तिला ते तोंडावर सांगायची छाती मात्र कोणाचीच नव्हती.

म्हणून लाटकर सरांनी मला धरलं होतं. सर शाळेत चित्रकला शिकवायचे आणि नाटकं बसवायचे. मी तेव्हा पुण्यात संशोधन करत होते. आमच्या विभागात संगणकावर कानाची नक्कल केलेली होती. एखाद्या माणसाचा कान तपासायचा, त्याला कोणते आवाज किती कमी येतात ते प्रोग्रामला सांगायचं, मग कुठल्याही जागी, कुठल्याही गोंगाटात टिपलेलं बोलणं त्यात सोडायचं. खरा कान आवाजाची जशी चाळण करतो तशी प्रोग्राम करायचा, त्या माणसाचं जे हरवलंय ते त्यातून वजा करायचा आणि शेवटी सांगायचा की शंभर शब्दांतले इतके याला कळतील. माणसाला बसवून विचारायची गरज नाही. त्या हिवाळ्यात मी मागवाल्यांचे कान तपासायला गावात आले होते. मामा, लाटकर सर, मंडळातले जवळजवळ सगळे माझ्याकडे तपासून झाले होते.

सरांचं म्हणणं सोपं होतं. मामीचं प्रॉम्प्टिंग तिसऱ्या रांगेत ऐकू येत नाही, असा शास्त्रीय दाखला मी द्यायचा. तो फाइलला लावून ते परीक्षकांच्या पुढे ठेवणार होते.

त्या संध्याकाळी मी एक माईक तिसऱ्या रांगेत ठेवला होता आणि एक मामांच्या खुर्चीला बांधला होता. तालीम संपल्यावर चहा येईपर्यंत प्रोग्राम चालवला आणि सरांना लॅपटॉपचा पडदा दाखवला. मामा लांब खिडकीशी बसून बिडी ओढत होते. मामी चटया गुंडाळत होती.

"हा परीक्षकांचा कान," मी म्हणाले. "म्हणजे चांगला कान. शंभरातले चौऱ्याऐंशी शब्द कळतात."

सरांनी मागच्या दोन वर्षांच्या परीक्षेचं काय, असं विचारलं. मी त्यांना त्यांच्याच कानाचा आकडा दाखवला. दहाच्या आत. सरांचं घर मागांच्या वर होतं, खाली खटाखट आणि वर संसार. मंडळातल्या सगळ्यांचे आकडे तसेच होते. कुजबुजत्या बोलण्यात जे बारीक, टोकदार आवाज असतात, तेच मागाच्या दणक्याने आधी जातात. आपल्या कानांनी परीक्षकांचे कान तपासायला निघालेली ती मंडळी होती. गावातला प्रयोग दरवर्षी बिनतक्रार का पार पडायचा, तेही आता उघड झालं. सगळा प्रेक्षक मागावरचाच होता.

सरांनी हे पचवायला थोडा वेळ घेतला. त्यांचाही पॉज चांगला होता, पण कौतुक करायला कोणी नव्हतं.

"आणि रंगनाथरावांना किती कळतं?"

मी सांगायला नको होतं की काय, हा विचार तेव्हा माझ्या मनात आला नाही. विचारलं ते सांगितलं. "त्यांच्या खुर्चीपाशी? जवळजवळ काहीच नाही. दोन-तीन शब्द."

"काहीच नाही?" सर म्हणाले आणि त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे ते प्रॉम्प्टिंगवर बोलतच नाहीत. त्यांना सगळं पाठ आहे. मग प्रश्नच मिटला की. प्रॉम्प्टर कशाला हवा?"

सर कधीच हळू बोलायचे नाहीत. मामीच्या हातातली चटई अर्धी गुंडाळलेली राहिली. तिने ती पूर्ण केली, भिंतीला लावून उभी केली, नाटकाची वही सरांच्या खुर्चीवर ठेवली आणि चपला घालून जिना उतरली. मामांनी बिडी विझवली आणि काय झालं असं माझ्याकडे बघितलं. मी लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशी मामी तालमीला आली नाही. डोकं दुखतंय म्हणाली. मामा आले, खुर्चीत बसले, चष्मा काढला, पुसला आणि डावीकडे कपाटाकडे बघून थांबले.

सगळ्यांनी माना डोलावल्या. मामा तसेच थांबले. माना डोलायच्या थांबल्या. मामा कपाटाकडे बघत होते आणि कपाटाआड कोणी नव्हतं. मग त्यांनी चष्मा घातला, पुन्हा काढला. कोणीतरी पुढचं वाक्य मोठ्याने सांगितलं, ते त्यांना कळलं नाही, त्याने पुन्हा सांगितलं. त्या अंकात ते असे चार वेळा अडले. शेवटी सरांनी तालीम थांबवली आणि मला जिन्यात गाठून म्हणाले की प्रयोगाला अजून पंधरा दिवस आहेत, भूमिका दुसऱ्या कोणाला द्यायची तर आताच द्यायला पाहिजे. हे बोलताना त्यांना वाईट वाटत होतं, तेही खरं.

मला मात्र एक गोष्ट कळेनाशी झाली होती. आकडा बरोबर होता. मी तो तीनदा तपासला होता. मामांना मामीचा आवाज येत नव्हता. आणि तिच्यावाचून त्यांचं अडत होतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या आणि माझ्या प्रोग्रामात दोन्हींना मिळून जागा नव्हती.

घरी जेवायला बसलो आणि वीज गेली. त्या काळात भारनियमन रोजचं होतं. गल्लीतले माग एकदम गप्प झाले. मामांनी कंदील लावला आणि मामीच्या ताटाशेजारी ठेवला. हेही नेहमीचंच. लहानपणापासून मी बघत आले होते, कंदील कायम मामीच्या पुढ्यात. मामा स्वतः अंधारात चाचपडत भाकरी मोडायचे. मामांचा मामीवर फार जीव, म्हणून तिला उजेड, असं मी समजून चालले होते.

मामी रागावलेली होती, पण वाढत होती. आमटी घालू का, म्हणाली. मामा तिच्याकडे बघत होते. अर्धी वाटी, म्हणाले. ती काही बोलली की मामांची नजर वर यायची आणि तिच्या तोंडावर थांबायची. जेवण, ताट, मी, कशाकडे लक्ष नाही.

मी हात पुढे केला आणि कंदील उचलून माझ्याजवळ घेतला.

मामीचा चेहरा अंधारात गेला. "भात आणू काय?" ती म्हणाली.

मामा काही बोलले नाहीत. तिने पुन्हा विचारलं. मामांनी माझ्याकडे जरा रागाने बघितलं, कंदील उचलला आणि होता तिथे ठेवला. मग मामीला म्हणाले, "काय म्हणलीस?"

मी घास ताटात परत ठेवला. हसूही येत होतं आणि दुसरंही काहीतरी.

"काय बघायलीस?" मामांनी मला विचारलं.

मी त्यांच्याकडे तोंड करून सावकाश सांगितलं की तुम्ही मामीचं बोलणं ऐकत नाही, बघता. विंगेतही बघताच. डावीकडे थांबता तो पॉज नाही, तुम्ही वाक्य वाचताय.

"मागावर सगळीच असं बोलत्यात," मामा म्हणाले. "तिथं काय ऐकू येतंय व्हय कुणाला? तोंड बघायचं आणि समजून घ्यायचं. त्यात काय एवढं."

मग ते भाकरीचा तुकडा ताटात नुसता फिरवत राहिले. बोलले ते ताटाकडे बघूनच. "हिचा आवाज यायचा बंद झाल्याला लई वर्सं झाली. म्हणलं, सांगून काय करायचं."

"मला ठावं हाय," मामी म्हणाली.

मामा ताटाकडे बघत होते, त्यामुळे त्यांना ते कळलं नाही. मामीने त्यांच्या मनगटावर हात ठेवला. त्यांनी वर बघितलं. "मला ठावं हाय," तिने परत सांगितलं.

"मग आवाज काढून का सांगत हुतीस एवढी वर्सं?"

"न काढून काय करू? शालन नुसतं तोंड हलवायलीय, असं विंगेत शेजारी उभारल्याली मंडळी म्हणली असती. मग तुमचं काय ते सगळ्यांस्नी कळलं असतं. ऐकू न येणाऱ्या माणसाला कोण नाटकात घेतंय?"

मामीने कंदिलाची वात उगाच थोडी मोठी केली. मला दोघांचाही राग आला आणि दोघांनाही मिठी मारावीशी वाटली. आमच्याकडे मिठ्या मारत नाहीत, म्हणून मी भात वाढून घेतला.

जेवण झाल्यावर मी मामीला म्हणाले, "आता आवाज काढायचं काही कारण उरलं नाही. तू नुसतं तोंड हलव."

तिला आधी ते पटेना. बिनआवाजाचं प्रॉम्प्टिंग म्हणजे बिनमिठाची आमटी, म्हणाली. मी म्हणाले, खाणाऱ्याला मीठ लागतच नाही. अडचण निघाली ती दुसरीच. तालमीच्या हॉलवर दिव्यांचा उजेड थेट मामीच्या तोंडावर पडायचा, तसा स्पर्धेच्या प्रयोगाला सांगलीच्या नाट्यगृहात पडणार नव्हता. सरांनी यंदा स्टेशनची भिंत डाव्या बाजूलाच उभी केली होती. तिच्या आडोशाला मामीचा चेहरा दिसणार कसा? मामीकडे वही बघायला एक छोटी बॅटरी असायची. मी म्हणाले, ती चेहऱ्यावर धर.

"मग वही कशी बघू?"

मामा हसले. दोन दिवसांत पहिल्यांदाच हसले असतील. "तू वही कवा बघितलीस, शालन?"

खरंच होतं. वही उघडी असायची आणि पान पहिलंच असायचं. मामीला सगळ्या पात्रांचं सगळं पाठ असायचं.

आता मंडळाला सांगणं उरलं होतं. मी सांगते म्हणाले, मामांनी नको म्हटलं. दुसऱ्या दिवशी तालमीच्या आधी ते सगळ्यांसमोर उभे राहिले. हात मागे बांधले होते, स्टेशनमास्तरासारखे. म्हणाले, "मला ऐकू येत न्हाई. बघून कळतं. शालन विंगेत पायजे. ती न्हाई तर मी बी न्हाई. एवढंच हाय."

मागून एक म्हातारे गृहस्थ, जे नाटकात हमाल व्हायचे, म्हणाले, "आमाला तरी कुठं धड ऐकू येतंय." त्यावर सगळे हसले आणि सरांनी तालीम सुरू केली. भूमिका बदलण्याचं पुन्हा कोणी काढलं नाही.

त्या दिवशी मी पुन्हा माईक लावले. कपाटाआड मामी तोंड हलवत होती, हातातली बॅटरी हनुवटीखाली धरून. परीक्षकांच्या कानाचा आकडा शून्य आला. तो येणारच होता, त्याला प्रोग्राम कशाला हवा? पण सरांना दाखला हवा होता ना, मग मी तो छापून, खाली सही करून दिला. त्यांनी तो फाइलला लावलाही.

सांगलीचा प्रयोग सकाळच्या सत्रात होता. मी मुद्दाम परीक्षकांच्या मागच्या रांगेत बसले. पडदा उघडला, मामा फलाटावर आले आणि बोलायला लागले. मी कान देऊन ऐकत होते. विंगेतून काहीही येत नव्हतं. परीक्षक लिहीत होते, मान वर करत होते, पुन्हा लिहीत होते. मला खरं म्हणजे आनंद व्हायला हवा होता. पण पहिला अंक संपेपर्यंत मला चुकल्याचुकल्यासारखं होत होतं. मामा एकटेच बोलत होते. त्यांच्या आधी कोणी बोलत नव्हतं. लहानपणापासूनचं माझं नाटक अर्धं झालं होतं आणि ते मीच केलं होतं.

शेवटच्या प्रवेशात मामा खुर्चीत बसले. चष्मा काढला, पुसला आणि डावीकडे बघून थांबले. स्टेशनच्या भिंतीच्या कडेला एक पिवळट, अंधुक उजेड होता. माहीत नसलेल्याला तो दिसलाही नसता. मामा त्या उजेडाकडे बघत राहिले. इतका वेळ ते कधी थांबले नव्हते. माझा जीव टांगणीला लागला. ते अडले की काय? पुढचं वाक्य मलाही पाठ होतं. मी ते मनातल्या मनात म्हणायला लागले.

"गाडी थांबो न थांबो," मामा म्हणाले, "झेंडा दाखवायचा असतो."

टाळ्या आल्या.

निकाल चार दिवसांनी लागला. नाटकाचा दुसराच नंबर आला. प्रॉम्प्टिंगबद्दल चकार शब्द नव्हता. नेपथ्य कमकुवत, असा शेरा होता, आणि नेपथ्य लाटकर सरांचं होतं. त्यामुळे परीक्षक पक्षपाती असल्याचं पुन्हा एकदा सिद्ध झालं. मामांना अभिनयाचं रौप्यपदक मिळालं. त्यांच्या पॉजचा खास उल्लेख होता. पुढे आमच्या प्रोग्रामात मी आणखी एक भाग जोडला, बोलणाऱ्याचं तोंड दिसत असेल तर किती कळेल, हे काढणारा. त्यावर माझा प्रबंध झाला. त्या प्रबंधात कंदिलाचा उल्लेख नाही.

पण प्रयोग संपल्या संपल्या मी धावत रंगपटात गेले, तेव्हा यातलं काहीच झालेलं नव्हतं. मामा आरशासमोर बसले होते. मामी त्यांच्या मागे उभी राहून खोबरेल लावून मानेवरचा रंग पुसत होती. बॅटरी तिच्या कमरेला खोचलेली होती. मी मामांच्या बाजूला जाऊन उभी राहिले, म्हणजे आरशात त्यांना माझं तोंड दिसावं.

"किती वेळा अडलात?" मी विचारलं.

"एकदाबी न्हाई," मामा म्हणाले. "सगळं पाठ झालं हुतं."

"सगळं? तो शेवटचा पॉजसुद्धा? मी तिकडे घामाघूम झाले. आणि दर दोन वाक्यांनी विंगेत बघत होता, ते कशाला मग?"

मामांनी आरशात माझ्याकडे बघितलं. एवढी शिकलेली पोर आणि हे काय विचारते, असं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"अगं, ती बोलत हुती की," ते म्हणाले. "कोण आपल्यासंगट बोलाय लागलं तर त्येच्याकडं बघायचं न्हाई व्हय?"

मामीचा हात त्यांच्या मानेवर थांबला. मग ती मागूनच काहीतरी म्हणाली. तिची मान खाली होती, मामांना आरशात तिचा चेहरा दिसत नव्हता. ते तसेच बसून राहिले. मामीच्या लक्षात आलं. ती वळसा घालून त्यांच्या पुढ्यात आली. रंगपटात दिवे लखलखत होते, तरी तिने कमरेची बॅटरी काढली, हनुवटीखाली धरून लावली आणि आवाज न करता म्हणाली,

"मान वर करा."

मामांनी मान वर केली.